घराण्याची देण्याची रीत मुलांवर बांधून ठेवावी का?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“आमच्या घरात एक रीत आहे. प्रत्येक पिढीने संग्रहालयाला काही तरी द्यायचं. आजोबांनी 1956 साली त्यांच्याकडच्या जुन्या पितळी समया आणि मूर्ती जिल्ह्याच्या संग्रहालयाला दिल्या. बाबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं आणि त्यांच्यामागे काकांची बारा जलरंग निसर्गचित्रं त्याच संग्रहालयात गेली. काका जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. त्यांनी लग्न केलं नाही आणि मृत्युपत्रही केलं नाही. 1984 साली ते गेले. बाबा, काका आणि आत्या अशी ती तीन भावंडं, आता कुणीच नाही. मी एकुलती एक, वय 71. काकांची साठेक चित्रं आणि नऊ स्केचबुकं माझ्याकडे पेटीत आहेत. शिवाय पणजीचं मोठं तैलचित्र आहे, खाली कोपऱ्यात 1919 साल घातलंय. ते आजोबांकडून बाबांना आणि बाबांकडून मला मृत्युपत्रानेच आलं. मुलगा पुण्यात असतो, घराचे हप्ते चालू आहेत. तो म्हणतो, ‘आई, दोन-चार चित्रं विकली तर काय बिघडलं?’ मुलगी टोरांटोत असते, तिला पणजी हवी आहे. दोन वर्षांपूर्वी संग्रहालयात गेले तेव्हा काकांचं एकही चित्र भिंतीवर दिसलं नाही. ‘आत ठेवलीत’ एवढंच उत्तर मिळालं. फार वाईट वाटलं. आता सगळं संग्रहालयाच्या नावे लिहून टाकू का? आणि मुलांनीही पुढे काही दिलंच पाहिजे, अशी अट मृत्युपत्रात घालू का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. अट घालू नका. कायद्याने ती कितपत टिकेल हे वकील सांगतील, पण टिकली तरी घालू नका. आजोबांनी समया दिल्या तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी काकांची चित्रं दिली ती भावावरच्या मायेपोटी. दोघांनी स्वतःहून दिलं, म्हणून तुम्ही आज तिला अभिमानाने घराण्याची रीत म्हणता. मुलांच्या वाट्याला ती हुकूम होऊन आली, तर ती तो पाळतील आणि पुढच्या पिढीला त्यातलं काहीही सांगणार नाहीत.

पिढ्यान्‌पिढ्या देणारं घराणं कसं असतं हे पाहायचं असेल तर मुंबईत काळा घोड्याच्या आसपास एक फेरी मारा. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचं नाव आहे, ते 1878 साली गेले. तिथून चालत थोड्या अंतरावर त्यांच्या वारसांच्या देणगीतून 1911 साली उभं राहिलेलं सर कावसजी जहांगीर सभागृह आहे. आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला लागून जहांगीर आर्ट गॅलरी, जी पुढच्या पिढीच्या सर कावसजींनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ दिली. ती 1952 साली सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांचं पहिलं मोठं प्रदर्शन तिथे लागलं.

यातल्या मधल्या वास्तूचं पुढे काय झालं ते तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. ते सभागृह भाषणं, संगीताच्या मैफली आणि सभा यांसाठी बांधलं होतं. नवी, मोठी सभागृहं आली आणि त्याची रया गेली. लग्नाचे स्वागतसमारंभ, मुष्टियुद्धाचे सामने असं काहीही तिथे होऊ लागलं. आज त्याच वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे, 1996 पासून. देणाऱ्याने 1911 मध्ये ‘इथे फक्त सभाच भरवा’ असं बांधून ठेवलं असतं, तर आतून सगळं नव्याने बांधून तिथे चित्रं लावता आली असती का? मला शंका आहे. आपण जे देतो त्याचा उपयोग पन्नास वर्षांनी कसा होईल हे आपल्याला दिसत नाही. म्हणून मुलांवर नको, तशीच संग्रहालयावरही ‘ही चित्रं कायम भिंतीवर लावलीच पाहिजेत’ अशी अट नको.

आता त्या भिंतीकडे येते. काकांची चित्रं दिसली नाहीत म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, आणि तुम्हाला एका वाक्यात वाटेला लावलं गेलं हे चुकलंच. देणगीदाराच्या मुलीला आत बसवून, नोंदवही उघडून दाखवायला हवी होती. पण चित्रं आत असणं ही बहुधा वाईट बातमी नाही. काकांची चित्रं जलरंगातली आहेत, कागदावर आहेत. कागदावरच्या रंगाचं उजेडाने होणारं नुकसान साठत जातं आणि ते परत भरून काढता येत नाही. जलरंगातले काही तांबडे आणि जांभळे रंग फार लवकर उडतात. म्हणून जलरंग लावताना प्रकाश साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) ठेवायचा, ही जगभरातल्या संग्रहालयांची रीत आहे. आपल्या दिवाणखान्यात दिवसा खिडकीजवळ याच्या कितीतरी पट उजेड असतो. त्यातही चित्र काही महिने लावून मग दीर्घकाळ अंधारात विसावू देतात. संग्रहालयात गेल्यापासून ती बारा चित्रं सलग भिंतीवर असती तर आज काकांचं आभाळ पांढरं पडलेलं दिसलं असतं.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची: आत म्हणजे कुठे आणि कशी? तेव्हा पुन्हा जा, पण या वेळी आधी अभिरक्षकांना (क्युरेटरना) पत्र पाठवून दिवस ठरवून जा. बारा चित्रांचे नोंदणी क्रमांक लेखी मागा. चित्रं प्रत्यक्ष पाहायची आहेत असं लिहा. आतमध्ये गेलात की पाहा: चित्रं सपाट ठेवली आहेत की गुंडाळून? मागचा पुठ्ठा पिवळा-तपकिरी पडलाय का? असे जुने पुठ्ठे आम्ल सोडतात आणि कागद ठिसूळ करतात. बुरशीचे ठिपके, कसरीने खाल्लेल्या कडा दिसतात का? खोलीला पावसाळ्यात ओल येते का? या भेटीतून तुम्हाला कळेल की पुढची चित्रं इथेच द्यायची का. माझं मत विचाराल तर पहिला हक्क याच संग्रहालयाचा. काकांची बारा चित्रं तिथे आहेत, तर बाकीची त्यांच्याशेजारीच अधिक बोलकी होतील. पण खोलीत ओल असेल आणि सहा महिन्यांत कुणी हालचाल केली नाही, तर दुसरीकडे जायला संकोच करू नका. बाबांच्या शब्दाशी ती प्रतारणा होत नाही.

इथवर सगळं तुमच्या मनासारखं होईल असं वाटत असतानाच एक अवघड गोष्ट सांगायला हवी. काकांची चित्रं एकट्या तुमची नाहीत. काका अविवाहित होते, मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी भावाइतकाच बहिणीलाही वाटा असतो. म्हणजे जितका हक्क बाबांचा, तितकाच आत्याचा, आणि आता तो आत्याच्या मुलांचा. पेटी तुमच्याकडे राहिली कारण काका तुमच्या घरी राहत असतील, किंवा आत्याने कधी मागितली नसेल. त्याने हक्क संपत नाही. बाबांनी दिलेल्या बारा चित्रांचा विषय आता उकरून काढायची गरज नाही, पण साठ चित्रं देताना कोणतंही जबाबदार संग्रहालय विचारेल: मालकी कुणाची? तेव्हा आत्याच्या घरी आधी बोला. फोनवर नको, जाऊनच बोला. सोबत पाच-सात चित्रं न्या. त्यांनाही आपल्या मामाची आठवण असेल, आणि कदाचित त्यांच्या भिंतीवरही एखादं चित्र असेल ज्याची तुम्हाला कल्पना नाही. त्यांची संमती साध्या भाषेत, सगळ्यांच्या सहीने, लिहून घ्या.

याच बैठकीत दुसरी गोष्ट उरकून घ्या. चित्र आणि ते छापण्याचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क टिकतो. काका 1984 साली गेले, म्हणजे 2044 अखेरपर्यंत तो वारसांकडे आहे. दानपत्रात स्पष्ट लिहा की संग्रहालयाला ही चित्रं सूचीत, माहितीपत्रकात, संकेतस्थळावर आणि अभ्यासकांना छापायला देण्याची परवानगी आहे. हे राहून गेलं की पुढे कुणी जे. जे.च्या त्या पिढीवर पुस्तक लिहायला घेतं आणि परवानगी द्यायला कुणी सापडत नाही म्हणून चित्र वगळलं जातं. काकांसारख्या फारसं नाव न झालेल्या चित्रकारांचं असंच होत आलंय.

आता पणजी. तुमच्या लेकीला तिची ओढ आहे हे वाचून मला भरून आलं, पण ते चित्र टोरांटोला जाऊ शकत नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं चित्र ही पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. 1919 चं चित्र त्यात येतं. सामानात गुंडाळून नेण्याचा विचारही तिला करू देऊ नका, विमानतळावर अडकलं तर चित्रही जाईल आणि तिच्यामागे खटला लागेल. चित्राच्या नोंदणीबद्दल पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे चौकशी करा. नोंदणी झालेल्या वस्तूची मालकी बदलली की तेही कळवावं लागतं. लेकीसाठी पणजीचा उत्तम छायाचित्रकाराकडून मूळ आकाराचा फोटो काढून चांगल्या कागदावर छापून घ्या. तेवढंच नको, पणजीबद्दल तुम्हाला जे जे आठवतं, घरात जे ऐकलंत, ते लिहून त्यासोबत पाठवा. ही मुलगी मागतेय ते चित्र आहे, पण त्यामागे तिला तुमच्या घरातलं माणूस हवंय.

आणि मुलगा. त्याच्यावर रागावू नका. ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत त्याने हा प्रश्न विचारणं स्वाभाविक आहे, आणि त्याने तो तुमच्यामागे न विचारता तुम्हालाच तोंडावर विचारला. चित्र विकलं म्हणजे काकांचा अपमान झाला असं मला वाटत नाही. चित्रकार चित्रं विकण्यासाठीही काढतो. मुंबईचे कापूस व्यापारी जहांगीर निकल्सन यांनी वर्षानुवर्षं समकालीन चित्रकारांची चित्रं विकत घेतली, 2001 साली ते गेले, आणि आज त्यांचा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या त्यांच्या नावाच्या दालनात पाहायला मिळतो. कुणीतरी विकलं, कुणीतरी प्रेमाने घेतलं, म्हणूनच तो संग्रह झाला.

शिवाय साठच्या साठ चित्रं कोणतंही संग्रहालय घेणार नाही, घेऊ नयेत. जागा, कागद, कपाटं, माणसं, सगळ्याला मर्यादा आहे. एखाद्या जाणकाराला बोलावून, आत्याच्या मुलांना बरोबर घेऊन, पंधरा-वीस चित्रं निवडा: काकांच्या सुरुवातीची काही, मधल्या काळातली, अखेरची, वेगवेगळ्या गावांची. उरलेली दोन्ही घरांत वाटून टाका आणि ज्याला आपल्या वाट्यातलं विकायचं असेल त्याला मोकळीक द्या. तुमच्या मुलाला त्यातून थोडे पैसे मिळाले तर काकांनाही आनंदच झाला असता, असं तुमच्या पत्रातून ते जसे दिसले त्यावरून मी म्हणते.

पण एका गोष्टीला हात लावू देऊ नका. नऊ स्केचबुकं. ती फोडायची नाहीत, वाटायची नाहीत, विकायची नाहीत. विक्रीला गेली की पानं सुटी होतात, कारण अखंड वहीपेक्षा सुटी पानं विकणं सोपं. आणि पानं सुटी झाली की वही संपली. चित्रकार काय पाहत होता, एकाच घाटाच्या पायऱ्या त्याने चार वेळा का काढल्या, कुठे खोडलं, समासात कुणाचा पत्ता लिहिला, हे सगळं क्रमात कळतं. काकांच्या बारा फ्रेम केलेल्या चित्रांपेक्षा या नऊ वह्या अभ्यासकाला जास्त शिकवतील. जिल्ह्याच्या संग्रहालयात कागद सांभाळायची सोय नसेल तर निदान वह्या तरी सोय असलेल्या मोठ्या संस्थेकडे द्या. इथे मी तुम्हाला आग्रहाने सांगते आहे, बाकी ठिकाणी फक्त सुचवते आहे.

राहता राहिलं, हयातीत द्यायचं की मृत्युपत्राने. दोन्ही रीती आपल्याकडे जुन्या आहेत. सर रतन टाटा 1918 साली गेले, त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी 1932 साली. दोघांचे संग्रह त्यांच्यामागे मुंबईच्या त्याच वस्तुसंग्रहालयात आले. चिनी-जपानी चिनीमातीची भांडी, युरोपीय तैलचित्रं, आजही लोक ती पाहतात. उलट पुण्यात काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेले दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे, हजारो वस्तू आपल्या हयातीतच राज्य सरकारच्या हवाली केल्या आणि संग्रहालयाला लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. देऊन झाल्यावरही ते त्या वस्तूंबद्दल बोलायला हजर होते.

तुम्ही केळकरांच्या वाटेने जावं असं मला वाटतं. काकांच्या चित्रातली ती नदी कुठली, तो पार कुठल्या गावचा, हे आज फक्त तुम्हाला माहीत आहे. मृत्युपत्राने चित्रं पोहोचतील तेव्हा सांगणारं कुणी नसेल, आणि नोंदवहीत ‘निसर्गचित्र, जलरंग’ एवढंच लिहिलं जाईल. तेव्हा आतापासून रोज दोन-तीन चित्रं बाहेर काढा, हात कोरडे ठेवून. फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, आठवेल ते वहीत लिहा. चित्राच्या पाठीवर पेनाने काहीही लिहू नका, फक्त कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने हलका क्रमांक. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. पणजीच्या तैलचित्रावरची धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, कुणीही कितीही सांगितलं तरी. ही वही तयार झाली की तिची एक प्रत चित्रांसोबत संग्रहालयाला द्या. तुमच्या पिढीची देणगी कोणती असं उद्या कुणी विचारलं, तर मी या वहीचंच नाव आधी घेईन.

निवडलेली चित्रं आणि स्केचबुकं तुमच्या हातांनी, दानपत्र करून, पोच घेऊन द्या. देणगी पूर्ण व्हायला समोरच्याने ती तुमच्या हयातीत स्वीकारावी लागते, म्हणून संग्रहालयाचं स्वीकृतीपत्र हातात आल्याशिवाय पेटी सोडू नका. त्यात नोंदणी क्रमांक असावेत, आणि ‘काकांच्या नावासह उल्लेख व्हावा’ एवढी विनंती असावी. जमलं तर थोडे पैसेही द्या, चांगले माउंट, आम्लरहित कागद आणि पेट्या घेण्यापुरते. ते कशासाठी आहेत हे पत्रात लिहा. सरकारी संग्रहालयाला वस्तू मिळतात, सांभाळायला पैसे कमी पडतात. आयकराच्या सवलतीचा विचार करून चित्रं देत असाल तर सांगून ठेवते, वस्तुरूप देणगीवर करपात्र उत्पन्नातून वजावट मिळत नाही, ती पैशांच्या देणगीवर, आणि संस्था त्यासाठी पात्र असेल तरच मिळते. परदेशात पुष्कळ घराणी वारसा कर वाचावा म्हणूनही चित्रं देतात. आपल्याकडे तो कर 1985 सालीच रद्द झाला. तुमच्या आजोबांच्या काळी तो होता, तुमच्यापुढे तसलं कोणतंही कारण नाही, निव्वळ इच्छा आहे.

पणजीचं चित्र मात्र मृत्युपत्रासाठी ठेवा. ते तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर असू दे. पण लिहिण्याआधी संग्रहालयाला विचारा की ते त्यांना हवंय का, आणि उत्तर लेखी घ्या. मृत्युपत्रात चित्राचं वर्णन नीट हवं: कुणाचं, कुठलं साल, किती बाय किती, फोटो जोडलेला. ‘संग्रहालयाने न स्वीकारल्यास’ पुढे कुणाला, हेही लिहा. मुलाचं नाव तिथे घालता येईल, तो भारतात आहे. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी तुमच्यासमोर सही करायची. मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. आणि मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून असं माणूस नेमा जे तुमच्यामागे संग्रहालयात दोन-तीनदा खेटे घालायला कंटाळणार नाही.

मसुदा झाला की सही करण्याआधी चित्रांपुरता भाग दोन्ही मुलांना वाचून दाखवा, मुलीला व्हिडिओ कॉलवर. त्यांना काय वाटतं ते पूर्ण ऐकून घ्या. एखादी गोष्ट बदलावीशी वाटली तर बदला, सही आठवडाभराने केलीत तरी चालेल.